बेचाळिसावी यात्रा

सातवा मैल, जि. सांगली
४ जानेवारी २०२६

अर्जुना, रामराम.

फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि माझं बोलणं मात्र तुमच्या सगळ्या आळीला ऐकू जातं. मागं तुला माझ्या मूळव्याधीचं सांगितलं, तर आठ दिवसांनी स्वारगेटला भेटलेल्या आपल्या मोरदऱ्याच्या एका माणसानं मला ताकाचा उपाय सांगितला. तेव्हापासून ठरवलं, चुलतभावाशी बोलायचं ते कागदावर.

बातमी अशी, की आमच्या गावाची नगरपंचायत झाली. चौकात बोर्ड लागला. ज्या दगडावरून सातवा मैल हे नाव पडलं, तो दगड रस्ता रुंद करताना कधीच गेला. नाव तेवढं राहिलं.

तुला आठवतंय, मी शहाऐंशी साली घर सोडलं. इथं आलो तेव्हा एक खडीची खाण, एक सरकारी हापसा आणि हापशासमोर अंबूबाईची चहाची टपरी, एवढंच होतं. अंबूबाई जतची. थांबलेला ट्रकवाला पाणी प्यायला उतरायचा आणि पाणी प्यालेला माणूस चहाला नाही म्हणत नाही, हे तिनं ओळखलं होतं. मी त्याच हापशावर ट्रक धुवायचो. मग मिरजेचा दस्तगीर वेल्डिंगचं मशीन घेऊन ट्रॉलीचा हूक सांधायला एका दिवसासाठी आला. अजून गेलेला नाही. सूतगिरणी झाली तसे चिकोडीकडचे आले, फाउंड्र्या झाल्या तसे बिहारचे मोल्डर आले, मध्येच नामक्कलचे ड्रायव्हर येऊन राहिले. हापशावर उभा राहून मी नुसतं ऐकायचो. माणूस पोरावर ओरडतो तेव्हा त्याची खरी भाषा बाहेर पडते. त्यावरून मी सांगायचो, हा माणचा, हा आटपाडीचा, ही बाई अथणीची. त्यावरच माझा धंदा उभा राहिला. कोण कुठला ते मला ठाऊक, म्हणून त्यांच्या त्यांच्या गावच्या यात्रेला गाडी माझी. एका जीपच्या आता अकरा बस झाल्या.

आता गंमत ऐक. नवे मुख्याधिकारी आले, तरुण आहेत. स्थानिक सुट्टीचा फॉर्म भरत होते. म्हणाले, "नाना, गावची यात्रा कधी असते?"

दस्तगीर म्हणाला, "साहेब, यात्रेला आमी गावाला जातो."

साहेब म्हणाले, "मग हे काय आहे?"

वीस हजार वस्तीचं हे काय आहे, ते कुणालाच सांगता येईना. तो प्रश्न मला झोंबला रे. म्हणून ठरवलं, या चैत्रात सातव्या मैलाची यात्रा करायची. समिती केली, अध्यक्ष मी. तू जन्मभर यात्रा केलीस. काय काय लागतं ते कळव.

तुझा
नाथा

---

मोरदरे, ता. खंडाळा, जि. सातारा
२० जानेवारी २०२६

नाथाजीस,

पत्र मिळालं. ताक पीत जा.

यात्रा ठराव करून होत नसते. देव लागतो, पालखी लागते, पालखीला खांदे लागतात आणि जेवायला पाहुणे लागतात. तुमच्या गावात सगळेच पाहुणे. मग जेवू घालणार कोण? तुमचं ते गाव नव्हे, मुक्काम आहे. वीस हजार माणसं मुक्कामाला थांबली म्हणून गाव होत नाही. फौजेत आम्ही पन्नास हजारांचे कॅम्प बघितले. हुकूम आला, की दुसऱ्या दिवशी तिथं नुसते तंबूचे खुंट.

आमच्याकडं यात्रा कशी असते ते तुला सांगायला पाहिजे असं नाही, पण तू विसरला असशील. गेल्या साली भैरोबाची पालखी अशी झोकात निघाली, की पूर्वी कधी निघाली नसेल. चारी बाजूंनी लायटिंग. देवळापासून शिवेपर्यंत कुठं थांबली नाही. कुणाच्या खांद्याला वळ नाही. गर्दीचं विचारू नकोस.

आपल्या भावकीचे आठ खांदे. त्यातला पुढचा डावा तुझ्या घरचा, तुझ्या वडिलांनंतर तुझा. एकोणतीस वर्षं त्या जागी बदली माणूस देतोय. ड्यूटी अजून तुझ्याच नावावर आहे, एवढं ध्यानात असू दे.

शिवांजली सूनबाई शाळेतून आल्या, की हे पोस्टात टाकतील.

अर्जुना

---

सातवा मैल
२२ फेब्रुवारी २०२६

अर्जुना,

तुझे टोमणे समितीत वाचून दाखवले. मुक्काम म्हणालास ते अंबूबाईला लागलं. म्हणाली, "चाळीस वर्सं चूल पेटतीया माजी हितं. कॅम्पात चूल एवडी टिकती व्हय? इच्यार जा त्या मिलिटरीवाल्याला." विचारलं, बघ.

देवावरून तीन बैठका गेल्या. प्रत्येकाचा देव वेगळा आणि प्रत्येकाचा कडक. शेवटी अंबूबाईच म्हणाली, "द्येव आपापल्या घरात ऱ्हाऊ द्या. आदी हापसा आला, मागनं आपुन आलो. पालकीत हापश्याचं पानी ठिवा." दुष्काळाची माणसं आम्ही सगळी. पाण्याला कोण नाही म्हणणार? तर पालखीत तांब्याची घागर.

पाहुण्यांचंही सुटलं. प्रत्येकानं आपल्या मूळ गावचे भाऊबंद बोलवायचे. माझ्या अकरा गाड्या चैत्रात भरून बाहेर जातात आणि रिकाम्या परत येतात. यंदा त्या एक दिवस रिकाम्या जातील आणि भरून येतील. ही कल्पना सुचली तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो. ड्रायव्हरला वाटलं, नानांना उन्हाचा त्रास झाला.

खरं डोकं लागलं ते दिवस काढायला. कुणाच्याही गावची यात्रा नाही, असा चैत्रातला दिवस पाहिजे. नाहीतर त्या गावचे लोक तिकडं जाणार आणि आमची यात्रा लंगडी. एकेचाळीस गावांच्या तिथ्या मी तोंडपाठ सांगितल्या, दस्तगीरनं कॅलेंडरवर फुल्या मारल्या. पाडव्यापासून अमावास्येपर्यंत नुसत्या फुल्या. एकच चौकोन कोरा राहिला. चैत्र वद्य दशमी, बारा एप्रिल, आणि वर रविवार! रामसकल म्हणून बिहारचा मोल्डर आहे समितीत, त्यानं कॅलेंडरलाच हात जोडले.

पत्रिका छापल्या. पहिली तुला पाठवतोय. मिरवणूक संध्याकाळी चारला, जेवणं सातला. ये. आमच्या मुक्कामात एक दिवस मुक्काम कर.

तुझा
नाथा

---

मोरदरे
२ मार्च २०२६

नाथाजीस,

पत्रिका मिळाली. छपाई चांगली आहे.

चैत्र वद्य दशमी ही आपल्या भैरोबाची यात्रा.

एकेचाळीस गावांच्या तुझ्या ध्यानात राहिल्या. बेचाळिसावं गाव तुझं.

अर्जुना

---

सातवा मैल
९ मार्च २०२६

अर्जुना,

तुझं पत्र उभ्यानं वाचलं आणि तसाच कॅलेंडरपाशी गेलो.

काय सांगू? चैत्र आला, की मला फक्त दुसऱ्यांची गावं दिसतात. पहिल्या वर्षी गाडी सोडून येता आलं नाही. दुसऱ्या वर्षी दोन गाड्या झाल्या. मग आपली यात्रा माझ्या हिशेबातूनच गेली. जाताना कळलंसुद्धा नाही.

समितीत कबूल केलं. दस्तगीर पोट धरून हसला. "नाना, आमच्या आज्याच्या गावच्या उरुसाची तारीख तुमाला ठावं, आन् सोताच्या द्येवाची न्हाई?" अंबूबाई मात्र हसली नाही. म्हणाली, "दिवस बदला. नाना घरला गेलं पायजेत." सगळे लगेच तयार झाले.

पण बदलून जायचं कुठं? दशमीच्या पुढं एकादशी, त्या दिवशी यात्रेचं जेवण कसं घालणार? मागं नवमी, ती अंबूबाईच्या भावकीची, चाळीस घरं त्या दिवशी जतला असतात. बाई म्हणते, एक वर्ष आम्ही नाही गेलो तिकडं. मी म्हणालो, नाही. एका माणसासाठी चाळीस घरांचा दिवस घ्यायचा नाही. पहिल्याच यात्रेला असं केलं तर मग साहेब विचारत होते तेच खरं, हे काय आहे?

तेव्हा तारीख तीच. तू माझ्या जागी बदली माणूस दे, नेहमीसारखा. तुझ्याकडं माणसांना काय तोटा? गेल्या साली एवढी गर्दी होती म्हणतोस.

राग मानू नकोस.

नाथा

---

मोरदरे
१५ मार्च २०२६

ती. नाना यांना शिवांजलीचा नमस्कार.

हे पत्र मी मामंजींना न सांगता लिहिते आहे. तुमचं शेवटचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. त्या दिवसापासून यात्रेबद्दल एक शब्द बोलत नाहीत. पाटील विचारायला आले तर "बघू" म्हणाले. मामंजी आणि "बघू"! मी या घरात आल्यापासून हा शब्द ऐकला नव्हता.

गेल्या वर्षीचं त्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत आहे. पत्र पोस्टात मीच टाकलं. खोटं एक अक्षर नाही त्यात, पण पालखी खांद्यावर नव्हती, नाना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होती. भावकीतले धडधाकट खांदे चारच उरलेत. बाकीची मुलं पुण्यात, दोघं फौजेत, तिघं शिरवळच्या कंपनीत पाळीला. यात्रेला येतात ती गाडीतून, जेवतात आणि फोटो काढून जातात. पालखीला थांबत नाहीत. गर्दी होती, ती मागं सेल्फी काढणाऱ्यांची.

ट्रॉलीला लायटिंग केलं होतं. मामंजी ट्रॅक्टरच्या पुढं परेडसारखे ताठ चालत गेले. घरी येऊन फेटा काढून ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

यंदा म्हणतात, ट्रॉली नाही. खांदे नसतील तर पालखी देवळातच राहील, आणि एकदा देवळात राहिली, की ती पुन्हा कधी निघत नाही. तुम्ही याल, अशी त्यांना आशा होती. तुम्ही आलात तर तुम्हाला बघून चार जण तरी पुढं होतील, असं ते माझ्या नवऱ्याला म्हणाले होते.

मी हे लिहिलं ते त्यांना कळू देऊ नका. काय करायचं ते तुम्हाला सुचेल, असं वाटतं.

आपली
शिवांजली

---

सातवा मैल
२० मार्च २०२६

अर्जुना,

अडचणीत आहे. तूच सोडवशील तर सुटेल.

पालखी आमची तयार झाली. सागवानी, दांडा तब्बल नऊ फुटी. पण उचलणार कोण? आमच्या लोकांनी जन्मात पालखीला खांदा दिलेला नाही. परवा फाउंड्रीच्या आवारात रिकामी उचलून बघितली. एक कोपरा वर, एक खाली, एक जण पुढं ओढतोय, एक मागं. अंबूबाई म्हणाली, "पालकी हाय का पाळणा?" घागरीतलं पाणी चौकापर्यंत तरी पोचेल का, याची आता पैज लागली आहे.

तू हवालदार होतास. रंगरूट पोरांना पाऊल मिळवायला शिकवण्यात तुझं आयुष्य गेलं. माझी बारा माणसं एक दिवस तुझ्या हाताखाली घे. यात्रेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दिवेलागणीला त्यांना घेऊन येतो. देवळाच्या मंडपात पडू. शिकायचं तर खऱ्या पालखीवर शिकू दे. भैरोबाचा मान ठेवतील, याची हमी मी देतो.

फक्त एक. आपली पालखी संध्याकाळी निघते. ती सकाळी सूर्योदयाला निघाली, तर नऊपर्यंत शिवेवरून परत येईल आणि मी साडेनऊला गाडी सोडली, की दीडपर्यंत सातव्या मैलावर. मिरवणूक चारला. वाटेत कराडला चहाला थांबूनसुद्धा वेळ उरतो. गाड्यांच्या वेळा बसवण्यात मी चुकत नाही. तिथीत चुकलो तेवढं पुरे.

मोठं मागणं आहे, मला कळतं. पण नाही म्हणालास, तर वीस हजार लोकांसमोर घागर पडेल आणि ती माझ्या नावावर पडेल.

पुढच्या डाव्या खांद्याचा सराव मी आजपासून करतोय. स्टेपनीचं टायर खांद्यावर घेऊन डेपोला दोन फेऱ्या. ड्रायव्हर आता उघडच हसतात.

तुझा
नाथा

---

मोरदरे
२८ मार्च २०२६

नाथाजीस,

पालखी संध्याकाळी निघण्याची चाल आजोबांच्याही आधीची. ती मोडायची तर गुरव, पाटील आणि गावातल्या चार म्हाताऱ्या यांना विचारावं लागलं. गुरव म्हणाला, माझी हरकत नाही, मी उठतो. पाटील म्हणाले, उन्हाच्या आत होईल, बरंच आहे. तीन म्हाताऱ्या हो म्हणाल्या. चौथी शालूबाई, आपल्या दगडूची आई. ती म्हणाली, "द्येवाला इच्यारलंस का रं?" मी म्हणालो, "आवं, द्येव सकाळी उठत न्हाई का?" मग तीही हो म्हणाली.

अटी. शनिवारी दिवेलागणीच्या आत हजर. कपडे पांढरे. तंबाखू शिवेच्या बाहेर. पायात काही नाही. रात्री मंडपात गप्पा नकोत.

टायर हळूहळू वाढवत जा. एकदम ट्रकचं घेऊ नकोस.

अर्जुना

---

मोरदरे
१९ एप्रिल २०२६

नाथाजीस,

परवा घरी पोचलो. तुझ्या गाडीनं शिवेपर्यंत आणून सोडलं. पाच दिवस ठेवून घेतलंस, आता इथं सगळे विचारतात, सांगलीला लग्न होतं का कुणाचं.

त्या दिवशी बोलायला सवड झाली नाही, म्हणून लिहितो. शनिवारी तुमची गाडी आली, बारा जण उतरले. सगळे पांढऱ्या कपड्यात, पण एकाचा लेंगा, एकाची लुंगी, एकाची पँट. म्हटलं, यांना एका रात्रीत काय शिकवू? रविवारी पहाटे देवळासमोर फॉलिन केलं. उंचीप्रमाणं लावले. चार आपले, तीन तुझे आणि पुढचा डावा तू. राहिलेले नऊ मागं, बदलीला. पालखी उचलली आणि दहा पावलांत मला कळलं.

नाथा, तुझ्या माणसांना पालखी उचलता येत नाही, हे तू लिहिलं होतंस ते खोटं होतं.

तो तुझा दस्तगीर. त्याचं पाऊल बघितलं. गुडघा किती वाकवायचा, वळणावर बाहेरच्यानं किती धरायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. थांबलो तिथं विचारलं. म्हणाला, "लहानपणापासनं मोहरमचा ताबूत उचलतुय की मिरजेत. चाळीस वर्सं झाली." रामसकलला विचारलं, तो म्हणाला, "बाबूजी, गाँव में हर साल डोली उठाता था." चिकोडीचे दोघं त्यांच्या देवीच्या पालखीचे कायमचे खांदेकरी निघाले. चुकत होता तो एकटा तू. पुढचा डावा कोपरा शिवेपर्यंत खाली होता.

आळीत एकानं विचारलं, "ह्ये पावणं कुणाकडचं?" मी म्हणालो, नाथाकडचे. पुढं कुणी काही विचारलं नाही. उलट पालखी परतताना, पुण्याहून गाडीतून आलेली आपली तीन पोरं चपला काढून बदलीच्या रांगेत येऊन उभी राहिली. फोन खिशात घालून. शालूबाईनं पायरीवर बसून बघितलं. मला म्हणाली, "उजेडात द्येवाचं तोंड दिसलं बरं का. सांजचं कवा दिसतंय?"

मग तुमच्या गाडीत मी का चढलो, ते मला अजून नीट सांगता येत नाही. खांदेकरी परत पोचेपर्यंत जबाबदारी आपली, असं काहीतरी सूनबाईला म्हणालो असेन. कराडला चहा झाला. एक वाजून पंचवीस मिनिटांनी पोचलो, घड्याळ बघितलं मी. चौकात एकेक गाडी येत होती आणि भरलेली येत होती. माणसं उतरायची, कुणीतरी पळत यायचं, हाताला धरून घरी न्यायचं. मला अंबूबाईनं नेलं. "मिलिटरीवालं न्हवं का तुमी? या, चूल बगा आदी," म्हणाली. बघितली. मग तिनं ताट वाढलं. तीनदा वाढलं. घागरीतलं पाणी चौकात सगळ्यांना ओंजळीनं दिलं, ते मी घेतलं. थोडं खारं आहे तुमचं पाणी.

मीही तुला एक खोटं लिहिलं होतं जानेवारीत. तुला ते कळलं होतं आणि तू विचारलं नाहीस. कुणी कळवलं तेही मला माहीत आहे. मी तिला विचारलेलं नाही.

काल ग्रामसभा झाली. ठराव केला, की पालखी यापुढं सकाळीच निघेल. सूचक मी, अनुमोदक शालूबाई. कारण म्हणून ऊन लिहिलं आहे.

आता पुढच्या वर्षीचं. तुझ्या माणसांचं शिक्षण पुरं झालेलं नाही. एका वर्षात पाऊल बसत नसतं. तुझं तर मुळीच बसलेलं नाही. तेव्हा शिकायला किती जण येणार, तो आकडा फाल्गुनातच कळव. त्याप्रमाणं पोळ्यांचं पीठ दळावं लागेल.

अर्जुना